लोड घेऊन गायमुखच्या चढाला गाडी दम सोडते, धूर अजिबात नाही. इंजेक्टर बदलायच्या आधी सल्ला हवा

तुर्भेवाला (धागाकर्ता)
रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. माझी २०१८ ची डिझेल पिकअप आहे. बीएस-४, कॉमन रेल (डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरना एकाच रेलमधून, म्हणजे पाइपमधून, जास्त दाबाने डिझेल मिळतं), टर्बोवाली. १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेत. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून वसईला माल टाकतो, आठवड्याला पाच-सहा फेऱ्या.

पहाटे साडेतीनला भरून निघतो. ठाणे-बेलापूर रोड, कळवा, माजिवडा इथपर्यंत गाडी मस्त पळते. कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ हे पूलही आरामात चढते. कासारवडवली सोडली की जड वाटायला लागते, आणि घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एकदम दम सोडते. पाय पूर्ण दाबला तरी आरपीएम अडीच हजाराच्या वर जात नाही. चेक लाइट लागतो. धूर काळा नाही, पांढरा नाही, काहीच नाही. कडेला घेऊन बंद केली, दोन-तीन मिनिटं थांबून परत चालू केली की एकदम ठीक. चार-पाच किलोमीटरने पुन्हा तेच. परतीला गाडी रिकामी असते, तेव्हा एकदाही झालेलं नाही.

महिनाभर चाललंय. एअर फिल्टर नवा टाकला, डिझेल फिल्टर दोनदा बदलला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, 'रेल प्रेशर कमी' असं आलं. ते म्हणतात चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप बदला, ८५ हजार. गाडीचे अजून १४ हप्ते बाकी आहेत. ८५ हजार टाकून गाडी नीट होणार असेल तर उसने घेऊन टाकेन, पण त्यांनाही खात्री नाही असं बोलण्यावरून वाटलं.

गेल्या शुक्रवारी चढावर अर्ध्यात बंद पडल्यासारखी झाली. मागून कंटेनर येत होते. धाकटा भाऊ सोबत होता, तो उतरून मोबाईलची बत्ती हलवत गाड्या बाजूने काढत होता. त्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागलाय. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

घोडबंदर_रोज
रविवार, रात्री ११.३२

त्या चढावर थांबणं खरंच धोक्याचं आहे दादा. जमलं तर दोन दिवस भाडं दुसऱ्याला द्या. लोड किती असतो?

तुर्भेवाला
रविवार, रात्री ११.३८

२८ गोण्या, ५० किलोच्या. म्हणजे १४०० किलो. कागदावर जेवढा आहे त्याच्या आतच भरतो, जास्त कधी नाही.

कोपर_वायरिंग
सोमवार, सकाळी ८.०५

ईजीआर (जळालेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोक झाला असेल. पत्र्याची चकती टाकून बंद करून टाका, गाडी उडायला लागेल. आमच्या इथे बरेच जण करतात.

पंप_नोझल_वागळे
सोमवार, सकाळी ९.२०

तुर्भेवाले, मी वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचंच काम केलं. आता मुलगा बघतो, मी दुपारी जाऊन बसतो. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी ईजीआरचं. ईजीआर उघडा अडकला की जळालेला वायू परत आत जातो, हवा कमी पडते आणि गाडी काळा धूर टाकते. यांच्या गाडीला धूरच नाही. शिवाय तो बंद करणं म्हणजे प्रदूषणाची यंत्रणा मोडणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार चालत नाही. कृपया हा सल्ला कुणाला देऊ नका.

आता धुराविषयी, कारण डिझेल गाडीत सगळ्यात आधी तोच बोलतो. ताकद गेली आणि काळा धूर आला तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. मग टर्बो, इंटरकूलरचा होज, एअर फिल्टर, ईजीआर ही मंडळी बघायची. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण धड जळत नाही. निळा म्हणजे ऑइल. आणि ताकद गेली पण धूरच नाही, तर इंजिनला डिझेल मिळत नाही, किंवा कॉम्प्युटरनेच ते कमी केलंय. तुमच्याकडे दोन्ही घडतंय असं मला दिसतं. आधी डिझेल कमी पडतं, रेलमधला दाब उतरतो, ते बघून कॉम्प्युटर गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे इंजिन जपायला ताकद मुद्दाम कमी करतो. चावी बंद करून चालू केली की लिंप मोड सुटतो. म्हणून तुम्हाला वाटतं की गाडी बरी झाली.

पंप आणि इंजेक्टर बदलायचा निर्णय आत्ता घेऊ नका. 'रेल प्रेशर कमी' ही इंजिनची तक्रार आहे. दाब कमी होण्याची कारणं टाकीच्या झाकणापासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत कुठेही असू शकतात. ८५ हजारांचा पार्ट त्यातला शेवटचा, पहिला नव्हे.

मला चार गोष्टी सांगा. टाकीत पंप आहे की इंजिनवरचा पंपच टाकीतून ओढतो? गाडी दबते तेव्हा टाकीचं झाकण सैल करून पाहिलंत का? डिझेल कुठे भरता? आणि गेल्या वर्षभरात डिझेलच्या लाइनला कुणी हात लावला होता का?

रोपवाटिका_पनवेल
सोमवार, सकाळी १०.४७

काकांनी छान समजावलंय. माझ्या दोन पिकअप आहेत, रोपं आणि माती वाहतात. एकीची अशीच ताकद गेली होती, आम्ही दोन महिने इंजिनच्या मागे लागलो होतो. शेवटी मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता असं निघालं. हबवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र आवाज आला, उजव्या बाजूला काही नाही. दादा, तुमच्याकडे चेक लाइट लागतोय म्हणजे हे नसेल, पण पाच मिनिटांचं काम आहे, बघून घ्या.

तसंच क्लच. आरपीएम वाढतो आणि स्पीड वाढत नाही असं असेल तर क्लच प्लेट. तुमच्याकडे आरपीएमच वाढत नाही, म्हणून तोही नाही.

तुर्भेवाला
सोमवार, दुपारी १.१५

काका, मनापासून आभार.

१. टाकीत पंप नाही. इंजिनवरचा पंपच ओढतो. फिल्टरवर हातपंप आहे.
२. झाकण सैल करून आज सकाळी बघितलं. फरक नाही, त्याच जागी दबली.
३. डिझेल नेहमी सानपाड्याच्या एकाच पंपावर भरतो. बायोडिझेल वगैरे स्वस्तातलं कधी भरलं नाही.
४. लाइनला हात... गेल्या पावसाळ्याच्या आधी शिळफाट्याजवळ डिझेल गळत होतं, तिथे रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने नळी बदलली होती. त्याला नऊ महिने झाले, त्यानंतर सात-आठ महिने काही त्रास नव्हता. म्हणून पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही.

चारही हब हाताला सारखेच गरम लागतात ताई, ब्रेक ठीक आहेत.

कळवा_स्कॅनर
सोमवार, दुपारी ३.४०

माझं कळव्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. कोड कुठला होता, पी००८७ का? तो असेल तर अर्थ एवढाच की रेलमध्ये मागितला तेवढा दाब तयार झाला नाही. गाडी गॅरेजमध्ये उभी करून कोड वाचल्याने पुढचं काही कळत नाही. लोड घेऊन, चालत्या गाडीत, स्कॅनर लावून आकडे बघावे लागतात. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे. अशा गाडीत आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार दिसतो, पूर्ण जोर लावला की हजाराच्या बराच वर जायला हवा.

तिसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे टर्बोने किती हवा भरली. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तो १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवणार, ती बाहेरची हवा. चढावर पूर्ण रेस दिली की तो दुपटीजवळ जातो. तिथे पोचत असेल तर टर्बो आणि होज दोन्ही निर्दोष.

उद्या पहाटे कळवा नाक्यावरून मला घ्या. मी लॅपटॉप घेऊन सोबत येतो. पैसे नकोत, चहा पाजा.

जुन्नर_टोमॅटो
सोमवार, रात्री ९.१२

राम राम. आम्ही नारायणगावहून वाशीला टोमॅटो आणतो, माळशेज उतरून. भरलेली गाडी उताराला असते, म्हणून असला दोष आम्हाला कधी कळतच नाही. पण परत जाताना एकदा खताच्या गोण्या भरल्या होत्या आणि माळशेज चढताना तुमच्यासारखंच झालं. आमच्या गाडीत सेडिमेंटरमध्ये, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात, पाणी साचलं होतं. पावसाळ्यानंतर खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत घ्या, पाणी तळाला वेगळं दिसतं. तुम्ही फिल्टर दोनदा बदललाय म्हणजे पाणी गेलं असेल, पण टाकीत उरलेलं परत येतं.

तुर्भेवाला
मंगळवार, सकाळी ८.३०

वसईतून लिहितोय. कळवा_स्कॅनर भाऊ सोबत आले होते, अजून इथेच चहा चाललाय. आकडे देतो.

आयडलिंगला मागितलेला २८०, मिळालेला २८० च्या आसपास. कळव्यापासून माजिवड्यापर्यंत दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून. मानपाड्याच्या पुलावर पूर्ण रेस, मागितला १३५०, मिळाला १३४०. ओवळा ओलांडल्यावर मागितला १३५०, मिळाला १२००, मग ११००. गायमुखच्या चढावर ७९० पर्यंत उतरला आणि चेक लाइट लागला. कोड पी००८७ च. मॅपचा आकडा दाब उतरण्याआधी २०५ होता. टर्बो ठीक.

डोळ्यांसमोर आकडा उतरताना बघितला आणि पहिल्यांदा वाटलं की गाडी काय सांगते ते ऐकू आलं. सेडिमेंटरचं डिझेल बाटलीत घेतलं, पाणी नाही.

पंप_नोझल_वागळे
मंगळवार, सकाळी ११.०५

हे आकडे सोन्यासारखे आहेत. थंड असताना आणि पुलावर पूर्ण जोरात १३४० बार देणारा पंप मेलेला नाही. खराब इंजेक्टर रिटर्नमध्ये (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीत) जास्त डिझेल सोडतो, तेव्हा दाब बहुतेक वेळा सुरुवातीपासूनच मागे राहतो, सकाळी स्टार्टही जड होते. तुमची गाडी सकाळी अर्ध्या सेल्फला लागते ना? तरीही खात्री करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा, पाच मिनिटं इंजिन चालवा, बाटल्या शेजारी ठेवा. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर. आणि आत्ता काढलेला डिझेल फिल्टर फेकून देऊ नका. तो कापा, आतला कागद पांढऱ्या थाळीत पिळा आणि लोहचुंबक फिरवा. चमकणारा चुरा निघाला तर पंप आतून खरवडतोय. हा पंप डिझेलवरच वंगण घेतो. डिझेल कमी मिळत राहिलं तर आज चांगला असलेला पंप उद्या खराब होईल. म्हणून हे ओढत चालवू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत आम्ही इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचा नट सैल करायचो आणि कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायचो. कॉमन रेलमध्ये हे कधीही करायचं नाही. हजार बारचं डिझेल सुईसारखं कातडीतून आत घुसतं. बाहेरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आतून बोट सडतं. असं झालं तर त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं, घरी हळद लावून बसायचं नाही. रिटर्नची नळी कमी दाबाची असते, ती इंजिन बंद करून काढायची.

हे दोन्ही ठीक निघालं तर डब्याची चाचणी करू. टाकी आणि तिथून येणारी नळी यांना पूर्ण बाजूला ठेवायचं. फिल्टरच्या आत येणारी नळी काढायची आणि तिथे स्वच्छ डिझेलच्या डब्यातून आलेली नळी जोडायची. डबा केबिनमध्ये ठेवू नका, मागे हौद्यात पुढच्या कोपऱ्यात बांधा. सायलेन्सरपासून लांब.

घोडबंदर_रोज
मंगळवार, दुपारी १२.१०

काका, यापूर्वी गॅरेजवाल्यांनी नळीला कॉम्प्रेसरची हवा मारून बघितली असेलच ना? बहुतेक जण तेच करतात.

तुर्भेवाला
मंगळवार, दुपारी १२.२५

हो, मारली होती. माझ्यासमोर. फिल्टरच्या टोकातून हवा मारली, टाकीत बुडबुड आवाज आला. नळी साफ आहे म्हणाले.

तुर्भेवाला
बुधवार, रात्री १०.५०

आज फेरी घेतली नाही. दिवसभर काकांच्या मुलाकडे गाडी होती.

चार बाटल्या: चारही जवळजवळ सारख्या. कापलेला फिल्टर: थाळीत काळसर डिझेल, चुंबकाला काहीच चिकटलं नाही. हे बघून मला रडायलाच आलं, खरं सांगतो. ८५ हजार डोळ्यांसमोर होते.

मग संध्याकाळी ओळखीच्याकडून वाळूच्या गोण्या घेऊन १४०० किलो भरले आणि पाच लिटरचा डबा बांधून निघालो. पातलीपाड्यालाच गाडी बंद. माझ्या पोटात गोळा आला. उतरून बघतो तर डबा रिकामा! वापरून उरलेलं डिझेल रिटर्नमधून गाडीच्या टाकीत जातं, डब्यात परत येत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नाही. कुणी ही चाचणी करणार असेल तर रिटर्नची नळीही डब्यात सोडा, नाहीतर मोठा कॅन घ्या. आम्ही २० लिटरचा कॅन आणला, हातपंप मारून एअर काढली आणि परत निघालो.

गायमुख चढली. तिसऱ्यात, पूर्ण रेस, आरपीएम ३२००. फाउंटन हॉटेलच्या नाक्याहून वळून परत आलो, पुन्हा दोनदा चढवली. एकदाही दबली नाही.

पंप_नोझल_वागळे
गुरुवार, सकाळी ९.००

म्हणजे दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. इंजिन, पंप, इंजेक्टर, टर्बो सगळे निर्दोष. आता घाईने टाकीतला भाग आणि नळी दोन्ही बदलू नका, कारण मग नेमकं काय होतं ते कळणार नाही आणि पुन्हा झालं तर पुन्हा अंधारात. मुलाला सांगितलंय, फिल्टरच्या आधी व्हॅक्यूमचं घड्याळ (ओढ इंचात मोजणारं मीटर) जोडून चालत्या गाडीत बघेल. पंप ओढतो तेव्हा मागे अडथळा असेल तर घड्याळाचा काटा चढतो. हवा कुठून आत शिरत असेल तर काटा चढत नाही, पण पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. दोन्ही एकदम लावा.

बीएस६_उरण
गुरुवार, सकाळी ११.३०

माझी २०२१ ची बीएस-६ आहे. तिचीही ताकद कमी झाल्यासारखी वाटते, डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो. हेच करू का?

कळवा_स्कॅनर
गुरुवार, सकाळी ११.४५

नाही, तुमचं वेगळं दिसतं. सायलेन्सरमधला डीपीएफ काजळीने भरला की गाडीला श्वास सोडता येत नाही. जेएनपीटीच्या रांगेत तासन्‌तास आयडलिंगला गाडी उभी राहिली तर तो गरम होऊन स्वतःला जाळून साफ करू शकत नाही. मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात पंधरा-वीस मिनिटं चालवून बघा. दिवा गेला नाही तर मॅन्युअल बघा आणि सर्व्हिस सेंटरला जा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

तुर्भेवाला
शुक्रवार, रात्री ९.४०

सापडलं.

सकाळी थंड गाडीत घड्याळ लावलं. उभ्या गाडीत रेस दिली, काटा ३ इंचाच्या पुढे गेला नाही. मीच निराश झालो. काकांचा मुलगा म्हणाला, थांबा, तुमची गाडी २५ किलोमीटरनंतर दबते, २५ किलोमीटर चालवू. वाळू भरून निघालो. मानपाड्याला ४, वाघबीळला ६, ओवळ्याला ९. चढावर १४ इंच. पारदर्शक नळीत बुडबुडा एकही नाही. म्हणजे हवा शिरत नव्हती, काहीतरी गळा दाबत होतं.

टाकीतली ओढनळी वर काढली. जाळी स्वच्छ, टाकीत गाळ नाही. मग उरली फक्त नऊ महिन्यांपूर्वी टाकलेली नळी, दोन-अडीच फुटांची. बाहेरून बघितली तर चिरा नाहीत, गळती नाही, क्लिपा घट्ट. तोंडाने फुंकून बघितली, आरपार. मला वाटलं परत अंधार.

मुलाने ती नळी पकडीत धरून ब्लेडने लांबीत उभी चिरली. मी बाजूलाच बसलो होतो. आतला थर सुटला होता. बाहेरचं रबर काळं, कडक, आणि आत पातळ रबराचा पापुद्रा, भिजलेल्या पापडासारखा मऊ, फुगलेला, एका बाजूने चिकटलेला आणि दुसरी बाजू मोकळी, जिभेसारखी लोंबत होती. बोटाने उचलला की नळीचं भोक जवळजवळ बंद होत होतं. सोडला की परत भिंतीला लागायचा. मी दहा वेळा तरी तो उचलून सोडून बघितला.

नळीवर बाहेर काहीच छापलेलं नव्हतं. मुलाने तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, ही पाण्याची नळी आहे, डिझेलची नव्हे.

पंप_नोझल_वागळे
शुक्रवार, रात्री १०.१५

मुलाने फोटो पाठवला, बघितला. आता सगळं जुळतं, म्हणून लिहून ठेवतो. पुढे कुणाला शोधताना उपयोगी पडेल.

पाण्याचं किंवा हवेचं रबर डिझेलमध्ये फुगतं. त्याला काही महिने लागतात, म्हणून सात-आठ महिने त्रास नव्हता. सकाळी गाडी आणि डिझेल थंड असतं, पापुद्रा जरा ताठ असतो. कॉमन रेलमधून परत टाकीत येणारं डिझेल गरम असतं, २५ किलोमीटरमध्ये टाकीच कोमट होते, पापुद्रा मऊ पडतो आणि ओढीबरोबर आत बसतो. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं, त्यामुळे नळी अर्धी बंद असली तरी भागतं. भरलेल्या गाडीला चढावर भागत नाही. गाडी बंद केली की ओढ थांबते, पापुद्रा भिंतीला जातो, दोन मिनिटांत रस्ता मोकळा.

आणि हवा मारल्यावर ती साफ का दिसली? कॉम्प्रेसरची हवा नळी फुगवते आणि जीभ भिंतीला दाबते. पंप उलट ओढतो, तेव्हा ती जीभ उचलली जाते. ढकलून बघितलं तर रस्ता मोकळा, ओढून बघितलं तर बंद. म्हणून ओढीचा दोष ओढूनच बघायचा. तुमच्या गॅरेजवाल्याने हवा मारली ती चूक नव्हती, पण तिथे थांबला ही चूक झाली.

रोपवाटिका_पनवेल
शुक्रवार, रात्री १०.३८

वाचून अंगावर काटा आला. दादा, खर्च किती आला शेवटी? आणि नळी कुठली टाकली?

तुर्भेवाला
शनिवार, सकाळी ७.५०

ताई, नळी आणि दोन नव्या क्लिपा मिळून ४२० रुपये. काकांच्या मुलाने दोन दिवसांच्या कामाचे घ्यायला नकार दिला, मी जबरदस्तीने १५०० ठेवले. कळवा_स्कॅनर भाऊंना एक गोणी कांदा पोचवला.

नळी घेताना तिच्या अंगावर इंधनाची असल्याची छपाई बघा. आमच्या नळीवर एसएई जे३० असं छापलंय. जुन्याचा तुकडा सोबत न्यायचा, कारण आतला व्यास बारीक झाला तर परत तोच अडथळा. आणि मोठी नळी घेऊन क्लिप आवळून बसवू नका, तिथून हवा शिरते.

आज पहाटे २८ गोण्या भरून निघालो. घड्याळ अजून लावलेलंच ठेवलंय. गायमुखच्या माथ्यावर काटा ३ वर होता आणि गाडी तिसऱ्यातून चौथ्यात गेली. भाऊ शेजारी होता. तो काही बोलला नाही, नुसता काट्याकडे बघत होता. वसईला पोचल्यावर पहिला फोन आईला लावला.

कोपर_वायरिंग
शनिवार, सकाळी ९.१०

पत्र्याच्या चकतीचा सल्ला मी मागे घेतो. काका म्हणाले ते बरोबर होतं. तुर्भेवाले, गाडी नीट झाली याचा आनंद आहे.

जुन्नर_टोमॅटो
शनिवार, दुपारी २.२०

आमच्या गाडीच्या नळ्या आजच बघतो. दोन वर्षांपूर्वी ओतूरला एक बदलली होती, तिच्यावर काय छापलंय देव जाणे.

रोपवाटिका_पनवेल
रविवार, सायंकाळी ६.०५

दोन्ही गाड्या उभ्या करून खालून बॅटरी मारून बघितल्या. पहिलीला मूळ नळी आहे, अंगावर छपाई स्पष्ट. दुसरीला फिल्टरच्या मागे हातभर काळी नळी, छपाई नाही. ड्रायव्हर म्हणाला मागच्या दिवाळीत कळंबोलीला टाकली होती. काढून चिरली. पापुद्रा अजून सुटला नव्हता, पण नखाने आतलं रबर साबणासारखं खरवडून येत होतं. आज नवी टाकली, तुकडा नेऊन व्यास जुळवून.